मुकादमाचे पंधरा तास

सोमवार, ३

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं म्हणून ही वही. "कुत्रा कधी खातो, कधी ओकतो, वेळ घालून लिहा आणि उद्या घेऊन या." एवढंच लिहायचं तर एक चिठ्ठी पुरली असती. पण सत्तावीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात गेली, स्वतःचा मजकूर लिहायचा योग आला नाही. तेव्हा वही कुत्र्याची, भर माझी.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मुकादम ओकला. पिवळा फेस, अन्नाचा कण नाही. आठवड्यात तिसऱ्यांदा. तो माझ्याजवळ बंद गॅलरीत झोपतो. तिथे फरशी आहे, पुसायला सोपी. पण ओकायला त्याला बाहेरच्या खोलीतला गालिचाच लागतो. हा गालिचा सासूबाईंना वसतिगृहाने निवृत्तीच्या दिवशी दिला. मुलींच्या वसतिगृहात त्या एकतीस वर्षं मेट्रन होत्या.

सहा वाजता त्या आल्या. गालिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, "आता शेवटचं सांगते. या महिन्यात पुन्हा गालिच्यावर ओकला, तर त्याला गोदामावर पाठवायचं. मी बोलले की बोलले."

गोदाम माझ्या मेहुण्याचं, गावाबाहेर. तिथे कुत्रे दिवसभर साखळीला असतात, पत्र्याखाली. मुकादम नऊ वर्षांचा आहे. छपाईच्या मशीनखाली जन्मला आणि कामगारांच्या मागे उभं राहून काम नीट चाललंय का ते बघायचा, म्हणून मुकादम. छापखाना बंद पडला तेव्हा मालकांनी मला शब्दकोशांची एक लाकडी पेटी दिली, आणि कुत्रा कुणी नेईना म्हणून तोही. त्या आयुष्यातलं एवढंच माझ्याकडे उरलं आहे. शब्दकोश गेले तर मी रडणार नाही.

मंगळवार, ४

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. मुकादमाचं पोट दाबून पाहिलं, वही वाचली.

"संध्याकाळी किती वाजता जेवतो हा?"

"साडेपाच."

"आणि सकाळी?"

"साडेआठ."

"म्हणजे पंधरा तास पोट रिकामं?"

"मध्ये पाणी असतं," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, याला रोग नाही, याच्या वेळा चुकल्यात. पोट फार वेळ रिकामं राहिलं की पित्त साठतं आणि पहाटे वर येतं. आहे तेच अन्न विभागून द्या. रात्री दहाला थोडं आणि उठल्या उठल्या थोडं. आठवड्यात फरक पडेल. सोपं आहे.

सोपं आहे. बाई आमच्या सासूबाईंना भेटलेल्या नाहीत. वसतिगृहातून त्यांनी गालिच्याबरोबर पितळी घंटाही आणली. ती साडेआठला वाजली की नाश्ता, साडेबाराला जेवण, साडेपाचला रात्रीचं जेवण. खाणारी तोंडं दोन आणि एक कुत्रा, पण घंटा साठ मुलींना ऐकू जाईल अशी. सव्वासहाला स्वयंपाकघराला कुलूप, किल्ली कमरेला. त्यानंतर घरात खायचं म्हणून काही असेल तर ते कुलपाआड.

येताना पित्ताच्या गोळ्यांची पट्टी घेतली. हल्ली पहाटे माझ्या छातीत जळजळतं, तोंडात कडू पाणी येतं. वय झालं, दुसरं काय. मुकादमामुळे त्या वेळी जाग येते म्हणून लक्षात येतं, इतकंच.

बुधवार, ५

जेवताना विषय काढला.

"आई, डॉक्टर म्हणतात..."

"कुणाचे डॉक्टर?"

"कुत्र्याच्या."

"मग कुत्र्याला सांगा."

मी तरी रेटलं. रात्री दहाला मूठभर भात दिला तर, वगैरे. त्या म्हणाल्या, "दहाला स्वयंपाकघर बंद असतं."

"ते पाच मिनिटं उघडलं तर?"

"एकदा उघडलं की मग बंद होत नाही. एकीला दहाला दूध दिलं की दुसरीला साडेदहाला अंडं लागतं. मला नका शिकवू."

मी म्हटलं, इथे मुली नाहीत. "नाहीत ना," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

बायकोला फोन केला. ती परगावी मोठ्या इस्पितळात परिचारिका आहे, तिथल्या बायकांच्या क्वार्टर्समध्ये राहते. तिथे नवरा चालत नाही आणि कुत्राही चालत नाही. म्हणाली, "आईला दुखवू नकोस रे. थोडे दिवस काढ." हे थोडे दिवस चौदा महिने चाललेत. तिला सांगितलं नाही, पण मधे मी दोन ठिकाणी खोली बघून आलो. एका घरमालकाला कुत्रा नको होता, दुसऱ्याला बेकार माणूस. मुकादमाला सोडून मी एकटा कुठेतरी मावलो असतो, मला सोडून मुकादमही मावला असता. दोघं मिळून मावत नाही.

गुरुवार, ६

पहाटे चार पन्नास. रात्रभर त्याच्या पट्ट्यात बोटं अडकवून झोपलो होतो, म्हणून गॅलरीतच वर्तमानपत्रावर झेललं. गालिचा वाचला. असं रोज जमणार नाही. माझा हात सुजला आहे.

शुक्रवार, ७

साध्या बिनसाखरेच्या टोस्टचा पुडा आणला, तीस टोस्टचा. डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. चालतील, पण थोडे, म्हणाल्या. डब्यात भरून डबा शब्दकोशांच्या पेटीत ठेवला, झाकणाखाली. त्या पेटीला चौदा महिन्यांत मीसुद्धा हात लावलेला नाही. रोज दहाला तीन आणि पहाटे एक, असं ठरवलं.

मी स्वतः खाणार नाही. आपण या घरात घरजावई, घरचा नियम आपण मोडू नये. कुत्र्याने मोडला तर गोष्ट वेगळी, त्याला कुणी नियम सांगितलेला नाही.

सोमवार, १०

तीन दिवस कोरडे. मुकादमाची शेपूट पूर्वीसारखी चालायला लागली. पहाटे एक टोस्ट खातो आणि पुन्हा झोपतो. मला इतकं हलकं वाटलं की अंघोळ करताना गुणगुणलो, तर बाहेरून विचारणा झाली की बरं नाही का.

नाश्त्याला सासूबाई म्हणाल्या, "बघितलंत? वेळा पाळल्या की पोट ताळ्यावर येतं. कुत्र्याचंसुद्धा." मी मान डोलावली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

एक त्रास आहे. टोस्ट खाताना मुकादम माझ्याकडे बघत राहतो, आणि वास गॅलरीभर पसरतो. काल माझ्या पोटातून एवढा मोठा आवाज आला की तो कान टवकारून दाराकडे गेला. दोन गोळ्या घेऊन झोपलो.

बुधवार, १२

डब्यात दहा टोस्ट हवे होते. पाच आहेत. पुन्हा मोजले, पाचच. एका पानावर पाच चुका राहिल्या असत्या तर मी समजू शकलो असतो, पण टोस्ट मी स्वतः मोजून देतो.

मुकादम नाही. तो झाकण उघडू शकत नाही, आणि टोस्ट दिल्यावर मी त्याला दहा-पंधरा मिनिटं खाली फिरवायला नेतो, म्हणजे तो माझ्याबरोबरच असतो. तेव्हा उंदीरच. चुऱ्याचा माग काढला तर तो सासूबाईंच्या खोलीकडे जातो. म्हणजे उंदीर त्यांच्या खोलीत राहतो. त्यांना सांगणं बरं नव्हे, घाबरतील. पेटीचं झाकण लाकडी आहे, चांगलं जड. उंदीर ताकदीचा दिसतो.

शुक्रवार, १४

काल नवा पुडा आणला, आज उंदराचा सापळाही. स्प्रिंगचा, फटकन मिटणारा. संध्याकाळीच पेटीत डब्याला टेकवून लावला. आम्ही खाली फिरायला गेलो की तो येतो, हे मी ताडलं आहे. सत्तावीस वर्षं चुका पकडल्या, हा कुठे जातोय.

शनिवार, १५

सापळा मिटलेला, उंदीर नाही. हुशार जात.

सकाळी घंटा वेगळीच वाजली, अडखळत. सासूबाई डाव्या हाताने वाजवत होत्या. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, "दारात सापडली." या वयात दारं जपून लावायला हवीत. मी तसं म्हणालोही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "घरात उंदीर झालेत का हो?"

"छे," मी म्हटलं, "उंदीर कुठले."

त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं मला. त्यांना टोस्टचा सुगावा तर लागला नसेल?

रविवार, १६

धोका नको. कपड्यांची पत्र्याची ट्रंक रिकामी केली, डबा आत, ट्रंकेला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आता उंदीर कितीही ताकदीचा असो. दिवसभर मधूनमधून खिशात हात घालून किल्ली चाचपत होतो. या घरात आपल्याही हातात काहीतरी आहे असं पहिल्यांदाच वाटलं. चांगलं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १८

मुकादम ठीक. सासूबाई चिडचिड्या झाल्यात. आज घंटा आठ चाळीसला झाली. दहा मिनिटं उशीर, चौदा महिन्यांत प्रथमच. त्यांनी घड्याळाला दोष दिला. चहा ओतताना त्यांचा हात थरथरत होता. म्हातारपण एकदम येतं म्हणतात.

एक गंमत. पहाटेचा टोस्ट खाऊन मुकादम हल्ली झोपत नाही. सासूबाईंच्या दाराशी जाऊन बसतो आणि छापखान्यात काम थांबलं की बसायचा तसा दाराकडे बघत राहतो. त्याला त्यांनी आजवर एकदा तरी चुचकारलं असेल तर शपथ.

शुक्रवार, २१

सगळं संपलं. नीट लिहितो.

काल जेवायच्या आधी हात धुताना ट्रंकेची किल्ली खिशातून काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. खिसा फाटला होता, म्हणून. जेवलो, बाहेर आलो, सव्वासहाला कुलूप लागलं. दहाला मुकादम ट्रंकेसमोर येऊन बसला तेव्हा माझ्या लक्षात आलं. किल्ली कुलपाआड, आणि त्या कुलपाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. दुकानं नऊला बंद होतात. मोजपट्टीने ट्रंक उचकटायला गेलो, ती तुटली.

त्यांच्या दाराशी गेलो. दाराखालून उजेड दिसत होता, म्हणजे त्या जाग्या होत्या. टकटक करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. पन्नाशी उलटलेला माणूस मी. एका दारावर टकटक करून "किल्ली द्या" एवढं मला म्हणता आलं नाही. आता हे लिहिताना लाज वाटते आहे, तेव्हा नुसती भीती वाटली होती.

मुकादमाच्या पट्ट्यात बोटं अडकवून पडलो. पहाटे केव्हातरी डोळा लागला आणि बोटं सुटली. पाच पाचला गालिच्यावरून तो आवाज आला. धावलो तर सासूबाई आधीच तिथे उभ्या. त्या पिवळ्या डागाकडे बघत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी भिंतीला हात लावला आणि हळूहळू खाली बसल्या, गालिच्यावरच, डागाच्या बाजूला. चेहरा पांढराफटक, अंगाला घाम. मुकादम त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसला आणि त्यांनी त्याला ढकललं नाही.

त्यांच्याच कमरेची किल्ली काढून मी स्वयंपाकघर उघडलं. साखरपाणी दिलं. मग डॉक्टरांना फोन केला, खालच्या मजल्यावरच्या, माणसांच्या.

त्यांनी नाडी पाहिली, रक्तातली साखर पाहिली. "रात्री किती वाजता जेवता?"

"साडेपाच," सासूबाई म्हणाल्या.

"मग सकाळी?"

"साडेआठ."

"अहो, पंधरा तास उपाशी? या वयात, शिवाय साखरेच्या गोळ्या चालू असताना?"

तोच प्रश्न, तेच आकडे.

सासूबाई छताकडे बघत होत्या. "मध्ये आठवडाभर बरं होतं," त्या म्हणाल्या. "रात्री दोन टोस्ट खायचे. मग ते मिळेनासे झाले."

मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. पट्टी अजून होती.

शनिवार, २२

काल दिवसभर त्या पडून होत्या. घंटा वाजली नाही. घर इतकं शांत, की मला साडेपाचला उगाचच दचकायला झालं. मी भात आणि सूप केलं, अंडी उकडली. जमेल तसं.

आज संध्याकाळी त्यांच्या खुर्चीशेजारी बसून विचारलं, "आई, किल्ली तुमच्याच कमरेला होती. स्वयंपाकघर तुमचं. मग कुलूप उघडून काही खाल्लं का नाही?"

"मुलींना एकतीस वर्षं काय सांगितलं मी? सव्वासहानंतर कुणासाठीही नाही. ताप असला तरी नाही. एक रडायची हो, बारीकशी होती. भुकेने झोप येत नाही म्हणायची. तिलाही नाही दिलं. आता मला भूक लागते म्हणून मी उघडू?"

"पण माझ्या डब्यातलं चाललं."

"तो डबा कुलपाआड नव्हता," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नंतर झाला."

सापळ्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, चुकून झालं ते. ट्रंकेबद्दल काही म्हणाल्या नाहीत.

उठताना मीच धीर करून विचारलं, मुकादमाचं काय. त्यांनी मान फिरवली. "तुम्ही डॉक्टरांना पोचवायला गेलात तेव्हा गोदामावर फोन केला मी. उद्या येतोय तो. बोलले होते ना मी तसं."

त्या हे कडकपणे म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी दमून म्हणाल्या. म्हणजे कमरेला किल्ली असून त्यांना कुलूप उघडवत नाही, आणि मला तर किल्लीच नाही. मुकादम पायाशी झोपला होता, त्याला यातलं काही माहीत नाही. रात्री त्याला तीन टोस्ट दिले. चौथाही दिला. माझी जळजळ आज जास्त आहे, गोळ्या संपल्या.

रविवार, २३, दुपार

मेहुणा बाराला आला, साखळी घेऊन. माणूस वाईट नाही, घाईत असतो. "कुठे आहे आमचा नवा पहारेकरी?" म्हणाला. मुकादमाने जाऊन त्याचे बूट हुंगले.

मला काल झोप नव्हती, आणि पहाटे एक गोष्ट आठवली होती. सासूबाईच जेवताना सांगायच्या, की वसतिगृहात चौकशीशिवाय एकाही मुलीला शिक्षा झाली नाही. नोंदवही मागवायच्या, सगळ्यांदेखत वाचायच्या, मग निकाल. मी गॅलरीत गेलो आणि ही वही आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"आई, चौकशी झालेली नाही," मी म्हटलं.

या वहीत त्यांच्याबद्दल काय काय लिहिलं आहे ते मला ठाऊक होतं. हे वाचल्यावर कुत्र्याबरोबर मीही गोदामावर जाईन, असं वाटलं. पण दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

त्यांनी चष्मा लावला. पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मेहुणा दोनदा घड्याळ बघून "आई, उशीर होतोय" म्हणाला, तेव्हा त्यांनी नुसतं बोट वर केलं, पट्टीचं. उंदराच्या पानावर त्या थांबल्या. नाकाने एक आवाज काढला, तो हसण्याचा होता की कशाचा, कळलं नाही. घंटेच्या पानावर पुन्हा थांबल्या. शेवटच्या पानाला वीसेक मिनिटांनी पोचल्या आणि वही मिटली.

"तीन तारखेनंतर कुत्र्याला रात्री खायला मिळालं तेव्हा तो एकदाही ओकला नाही," त्या म्हणाल्या, मेट्रनच्या आवाजात. "गालिच्यावर ओकला तेव्हा किल्ली माझ्या स्वयंपाकघरात अडकली होती. कुलूप माझं. दोष कुत्र्याचा नाही."

"म्हणजे न्यायचा नाही?" मेहुणा म्हणाला.

"साखळी घेऊन जा. आणि जेवून जा, साडेबारा वाजत आलेत."

मी गॅलरीत जाऊन मुकादमाच्या मानेत तोंड खुपसून रडलो. तो गालिचा बघायला निघून गेला.

वही सासूबाईंनी परत दिली नाही. म्हणाल्या, राहू द्या, रात्रीची नोंद करायची आहे. वरचा मजकूर मी त्यांच्यासमोर टेबलावर बसून, परवानगी घेऊन लिहिला आहे.

रविवार, २३, रात्री

जावयांच्या वहीत लिहिते आहे, त्यांना माहीत आहे.

दहा वाजता स्वयंपाकघर उघडलं. कुत्रा: टोस्ट तीन. मी: टोस्ट दोन, दूध अर्धा कप. जावई: काही नको म्हणाले, घरचा नियम वगैरे म्हणाले. त्यांना सांगितलं, पानोपानी गोळ्यांचा हिशोब तुम्हीच लिहून ठेवलाय, तोही पहाटेचा, मुकादमाच्याच वेळेचा. सत्तावीस वर्षं चुका शोधत होतात म्हणे. त्यांनी वही मागून घेतली, मागची पानं पुन्हा पाहिली आणि खाली बसले. टोस्ट चार, दूध एक कप. चौथा मागून घेतला.

दुरुस्ती: बारा तारखेच्या पानावर मी उंदराला घाबरते असं आहे. मी घाबरत नाही.

सापळा भंगारात दिला. ट्रंकेचं कुलूप काढलं. स्वयंपाकघराचं राहील, ते जावयांनी काढू का विचारलं, नको म्हटलं, एकदम नको. किल्ली मात्र दाराच्या खिळ्याला टांगली आहे.

दहाची घंटा आजपासून सुरू. तिघांनीही वेळेवर हजर राहायचं. उशीर चालणार नाही.